डेअरीच्या कॅमेऱ्यातला म्हातारा

एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की गावात पारावर मी येताना दिसलो की कुणीतरी तेच वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतो. मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात. माणसाला स्वतःबद्दल काय काय वाटत असतं!

पस्तीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. आधी इंदापुरात एस.टी. स्टँडजवळ एका खोलीत, मग बारामतीत आरसा आणि पडदा असलेल्या बऱ्यापैकी गाळ्यात. अर्ध्या तालुक्याचे पासपोर्ट फोटो माझ्या हातचे. लग्नाच्या सीझनात एका दिवशी सकाळी काटेवाडी आणि संध्याकाळी कऱ्हाटी अशी दोन लग्नं उरकलीत. फोटो काढण्यात माझा हात बरा होता, पण खरं नाव झालं ते फोटो सुधारण्यात. काळ्याला गोरं कर, देवीचे व्रण पूस, वाकडं नाक सरळ कर. आधी निगेटिव्हवर पेन्सिलीनं करायचो, नंतर कॉम्प्युटरवर. ‘तात्यांकडं गेलं की मानूस देखना हुतो,’ असं लोक म्हणायचे, आणि मी मान हलवायचो, जणू माणसं मीच घडवतो.

आता स्टुडिओ बंद केला आणि गावी येऊन राहिलो. गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, कालव्याच्या कडेला. वय सदुसष्ट. पण दिसतो पन्नाशीचा, असं माझं मत. त्या मतामागं दर दुसऱ्या रविवारी मोरीचं दार आतून लावून केलेली मेहनत होती. डोक्याला कलप, मिशीला कलप, आणि भुवयांना जुन्या दात घासायच्या ब्रशानं थोडा थोडा. हे गुपित मी, माझी बायको आणि तो ब्रश एवढ्यांनाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

बाकी माझी ओळख पक्की. उजव्या गालावर ठसठशीत काळा तीळ. कपाळावर रोज आंघोळीनंतर लाल गंध. अंगात बारामतीच्या बाजारातून घेतलेलं काळं कुळकुळीत जाकीट, उन्हाळ्यातसुद्धा. बायकोचं माहेर डाळजचं. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या आईनं म्हणे आम्ही परत गेल्यावर एवढंच सांगितलं होतं, ‘तीळवाला पोरगा बरा हाय.’ तेव्हापासून मी त्या तिळाला जपतो.

पहाटे पाचला उठायचं, आंघोळ, गंध, जाकीट, आणि कालव्याच्या कडेनं चालायला निघायचं. जाताना वाटेतल्या खांबांवरचे दिवे बंद करायचे. आमच्याकडं रस्त्याच्या दिव्यांचं बटण खांबावर किंवा जवळच्या भिंतीवर हाताला येईल असं असतं, आणि ते संध्याकाळी लावणारे चारजण असतात, सकाळी बंद करणारा कुणी नसतो. म्हणून ते काम मी स्वतःहून अंगावर घेतलेलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी आभारही मानत नव्हतं, ते मी मनात ठेवून होतो. शेवटचा दिवा दूध डेअरीच्या ओट्यावरचा. त्याचं बटण ओट्यावरच्या बोर्डात.

चैत्रातल्या एका दिवशी डेअरीतलं दूध नासलं. कॅन दोन कॅन नाही, दूध थंड ठेवणारी ती मोठी टाकी असते ना, अख्खी. दुपारी टँकर आला, त्याच्या माणसानं झाकण उघडून वास घेतला आणि हातानंच नको नको केलं. चौकशीत कळलं की टाकीच्या मशीनचं बटण पहाटेपासून बंद होतं. पहाटे लाईट गेलेली होती, सहाच्या सुमाराला आली. बाकी सगळं सुरू झालं म्हणून सगळ्यांना वाटलं टाकीही सुरू असणार. ती नव्हती. कुणीतरी बटण दाबून ठेवलं होतं.

संशय सरळ मामांवर गेला. मामा म्हणजे डेअरीत कॅन धुणारा, टाकी बघणारा, झाडलोट करणारा एकमेव माणूस. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. केस आणि मिशा कापसासारख्या पांढऱ्या, अंगात पांढरा सदरा. ते म्हणाले, “मी बटनाला हात लावल्याला न्हाय. गाय व्याली म्हून मला त्या दिशी याया उशीर झाला.” सेक्रेटरींना वाटलं, टाकी धुवायला बंद केली असेल, विसरले असतील आणि आता अंगाशी आल्यावर थापा मारतायत. चूक झाली असती तर चेअरमननी पोटात घातली असती. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला दुधाजवळ ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मामांना जमीन नाही. डेअरीचा पगार हेच त्यांचं सगळं. पण त्याहून वाईट म्हणजे खोटारडा म्हणून काढला असता तर पंचक्रोशीत कुठल्या डेअरीनं दारात उभं केलं नसतं.

मग कुणाला तरी कॅमेरा आठवला. ओट्यावर कोपऱ्यात एक कॅमेरा बसवलेला, बॅटरीवर चालणारा. त्यात बघायला चारजण बसले आणि बघितलं तर एक माणूस दिसला खरा, पण ओळखू येईना. तेव्हा चेअरमन म्हणाले, “तात्यांना बोलवा. त्यांनी गावातलं एकेक त्वांड फोटोत धरलंय.”

मला बोलावणं आलं. मी आलो तो छाती पुढं काढून. नुसता नाही आलो, येताना माझ्या कॉम्प्युटरमधून मामांचा फोटो छापून घेऊन आलो. डेअरीच्या ओळखपत्रासाठी मीच काढलेला. पुराव्यानिशी बोलायची माझी पद्धत!

सेक्रेटरींच्या खोलीत टीव्ही लावलेला. एका बाजूला चेअरमन, एका बाजूला सेक्रेटरी, आणि माझ्या अगदी खांद्याला खांदा लागेल असे मामा उभे. चित्र करडं, रंगाचा पत्ता नाही. अंधारातून एक म्हातारा ओट्यावर चढतो. पांढरे शुभ्र केस, पांढरी मिशी, अंगात पांढरं काहीतरी. डोळे मांजरासारखे चकाकणारे. एकदा वर बघतो, बोर्डाजवळ हात नेतो, आणि उतरून जातो. खाली कोपऱ्यात वेळ लिहिलेली, चार वाजून काही मिनिटं.

“थांबवा तिथंच,” मी म्हणालो. खिशातून फोटो काढला, पडद्याशेजारी धरला. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातावर. मला ते फार आवडलं, हे कबूल करतो. मी दोनदा फोटोकडं आणि दोनदा पडद्याकडं बघितलं, आणि बोट ठेवून एकेक सांगत गेलो. “केस बघा. कपाळ बघा. आणि नाक बघा, सुतासारखं सरळ. तेच नाक. शंकाच नको.”

“तात्या, नीट बगा,” मामा हळूच म्हणाले. एवढंच.

“अरे, काय नीट बघा? पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?” मी त्यांच्यावरच खेकसलो. मामा माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठेच असतील, पण मी त्यांना कायम अरेतुरे करत आलो होतो. का, ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाले, “पुढं बघायचं का अजून?”

“कशाला?” मी म्हणालो. “सापडला की माणूस. बंद करा.”

हे ‘बंद करा’ मला जन्मभर पुरणार आहे.

एक दिवस सोडून सकाळी मीटिंग घ्यायची आणि तीत मामांना काढायचं, असं ठरलं. मी घरी आलो आणि बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, “पण त्यानं कशाला बंद केलं असंल? त्याच्या घरात दुसरं कमवतं तरी कोण हाय?” मी म्हणालो, “का केलं ते मला विचारू नकोस. कोण आहे तेवढं मी सांगितलं.” एखाद्या न्यायाधीशाला शोभेल असं वाक्य. भाकरीही टम्म फुगली होती.

आता खरी गंमत. गावात असे लोक अंधारात फिरतात म्हटल्यावर मलाही आपल्या घराला कॅमेरा हवा असं वाटायला लागलं. दुसऱ्याच दिवशी बारामतीहून कॅमेरे बसवणारी एक मुलगी आली. पाना, ड्रिल, शिडी सगळं तिचं तिचं. दुपारी बारा वाजता एक कॅमेरा तिनं आमच्या धान्याच्या खोलीत बसवला, तिथं खिडकी नाही. मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काका, आत उभे राहा. मी दार लावून घेते. अंधारात कसं दिसतं ते बघा.”

दार लागलं. मिट्ट काळोख. मोबाईलवर चित्र आलं. खोलीत एक म्हातारा उभा! पांढरे केस, पांढरी मिशी, पांढरं जाकीट, चकाकणारे डोळे. डेअरीतला तोच!

“मामा!” मी ओरडलो. “तू इथं काय करतोस रे? कसा शिरलास आत?”

मी गर्रकन मागं वळलो. कुणी नाही. परत मोबाईलात बघितलं तर तोही, एक क्षण उशिरा, गर्रकन वळत होता. मी हात उगारला. थोड्या वेळानं त्यानंही उगारला. मी म्हणालो, “थांब, दाखवतो तुला,” आणि ज्वारीच्या पोत्याला पाय अडकून पडलो. मोबाईलात म्हातारा पडला.

दार उघडून बायको आणि ती मुलगी आत आल्या. मी पोत्यावर बसलेला. बायकोनं माझ्या हातातला मोबाईल घेतला, दार पुढं लोटून एकदा चित्राकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अवो, तुमीच हाय की त्ये!”

“मी? माझे केस पांढरे आहेत का?”

दोघींनी माझ्या डोक्याकडं बघितलं. बघण्याचेही प्रकार असतात.

मग त्या मुलीनं समजावून सांगितलं. अंधारात कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकतो आणि त्या उजेडात बघतो. त्या उजेडाला कलप फारसा दिसत नाही, तो खालच्या पांढऱ्या केसाला जाऊन भिडतो. काळं नायलॉनचं जाकीट त्याला पांढरं दिसतं. तीळ फिका पडतो. लाल गंध तर पार नाहीसं होतं. “आणि ती खालची वेळ?” मी विचारलं. शेवटची आशा होती, चार वाजता मी अंथरुणात असतो. ती म्हणाली, “कुणी लावलेलीच नसते काका. मी जाईन तिथं तास-दीड तास मागंपुढं असते.”

माझी जेवढी म्हणून ओळख होती, ती सगळी त्या उजेडानं पुसून टाकली. केस, मिशी, तीळ, गंध, जाकीट. राहिला नुसता चेहरा, आणि तो मला ओळखता आला नाही. हा मी चेहऱ्यांचा जाणकार! आणि मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. कृष्णधवलच्या काळात लाल कुंकू काळं यायचं, हे मीच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचो. उजेड बदलला की माणूस बदलतो, हे माझ्या धंद्याचं पहिलं ज्ञान. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मग सगळं ध्यानात आलं. लाईट गेली होती, तरी मी सवयीनं ओट्यावर चढलो होतो. लाईट आल्यावर दिवसाढवळ्या दिवा जळत राहू नये म्हणून बटण दाबलं होतं. आदल्या आठवड्यात तो बोर्ड बदलला होता, नवी बटणं बसवली होती, आणि दिव्याच्या जागी आता टाकीचं बटण होतं. काळोखात दिवा विझला की नाही ते कळायला मार्गच नव्हता. मी गावाची वीज वाचवली आणि गावाचं दूध नासवलं.

संध्याकाळ फार वाईट गेली. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मामांचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की हे सांगायचं म्हणजे कलपाचं सांगावं लागणार. मी वाटा शोधत बसलो. मामांना काढतील, पण मी चेअरमनना सांगून दुसरीकडं कुठंतरी चिकटवून देईन. किंवा म्हणेन, चित्र नीट नव्हतं, शंकेचा फायदा द्या. बायको माझ्यासमोर चहा ठेवून म्हणाली, “कलपाचं काय घेऊन बसलाय? समद्या गावाला म्हाईत हाय. तुमच्या उशीचा अभ्रा मी वाळत घालते तवा काय लोकं आंधळी असत्यात?” आणि आत निघून गेली. अभ्रा! मला तो कधी सुचलाच नव्हता. त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

मीटिंगला मी जाकीट न घालता गेलो. मामा दाराजवळ उभे होते. चेअरमननी विषय काढायच्या आत मी उठलो आणि म्हणालो, “तो मामा नाही. तो मी आहे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, “तात्या, मामांची दया येणं समजू शकतो, पण...”

“दया नाही,” मी म्हणालो. “ते चित्र परत लावा. आणि या वेळी बंद करू नका. पुढं चालवा.”

लावलं. तो म्हातारा आला, बटण दाबून गेला. आम्ही बघत बसलो. चांगला वेळ गेला. पडद्यावर उजाडायला लागलं, चित्रात रंग आला, पहिला दूधवाला आला, मग घाईघाईनं मामा आले. “मी रोज त्या दिव्याला येतो, हे सगळ्यांना माहीत आहे,” मी म्हणालो. “मग त्या दिवशी मी कुठं आहे?” मी कुठंच नव्हतो. मी आधीच येऊन गेलो होतो. मग केसांचं सांगितलं. एक सभासद म्हणाला, “म्हंजी तात्या, कलप लावता व्हय तुमी?” आणि अख्खी खोली हसली. इतका वेळ हसली की त्यांना ते नव्यानं कळलं नव्हतं, हे माझ्याही लक्षात आलं. मामांचं काढणं रद्द झालं. नासलेल्या दुधाची भरपाई मी अंगावर घेतली, आणि विषय संपला.

मामांसाठी संपला नसणार. मी बाहेर आलो तेव्हा ते नळाखाली कॅन धूत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून भलतंच विचारलं. “मामा, तुम्ही ओळखलं होतं मला? त्या चित्रात?”

‘तुम्ही’ ऐकून त्यांनी एकदा वर बघितलं. “व्हय की. आला तवाच.”

“कसं?”

“पहाटंच्या अंधारात रोज बगतो की तुमाला. मला तुमी तसंच दिसता. गंध न्हाय, तीळ न्हाय. नुसतं त्वांड.”

“मग बोलला का नाहीत त्याच वेळी?”

त्यांनी कॅन पालथा घातला, पाणी निथळू दिलं. “तुमी म्हनला त्यो मी हाय, तर कुनी दुसरं काय इचारलंबी न्हाय. मी म्हनलो असतो त्यो तुमी हाय, तर कुनी इश्वास ठिवला असता?”

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

“चुकलो मी मामा,” मी म्हणालो. “पण तुमचा फोटो हातात होता हो माझ्या. नाक अगदी तेच, सरळ.”

“माझं नाक कुठं सरळ हाय?” मामा म्हणाले. “गायीनं लाथ मारल्याली, तवापासनं वाकडं हाय. फोटोत तुमीच सरळ केलं की.”

मी बघितलं. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं. नाक चांगलं डावीकडं झुकलेलं होतं, लहान मुलालाही दिसलं असतं. आणि त्या दिवशी सेक्रेटरींच्या खोलीत हे नाक माझ्या खांद्याशी, हातभर अंतरावर होतं. मी दोनदा फोटोकडं बघितलं, दोनदा पडद्याकडं बघितलं. मामांकडं एकदाही बघितलं नव्हतं.